तान्ह्या बाळाचें मूत्र

मोठा रोगी वैद्यानें सांगतांच बाटली भरून आणून देतो. तान्ह्या बाळाला तें सांगावयाचें कसें? विषय ऐकून कोणी नाक मुरडील. पण या क्षुद्र वाटणाऱ्या अडचणीपायीं रोगाचें निदान अडून राहतें.

१९३४ सालीं नॉर्वेंत ॲस्ब्यॉर्न फोलिंग या वैद्याकडे एक माता बुद्धीची वाढ खुंटलेलीं आपलीं दोन मुलें घेऊन आली. धाकटा चारएक वर्षांचा, पण तान्ह्यासारखाच परावलंबी. त्यांच्या मूत्रांत फेरिक क्लोराइड टाकतांच तें हिरवें झालें. औषधांचा परिणाम असावा म्हणून फोलिंगनें आठवडाभर औषधें बंद करविलीं, रंग हिरवाच! मग ती माउली पुनःपुन्हा मूत्र सांठवून पोंचवीत राहिली आणि त्यांतून फिनाइलपायरुव्हिक आम्ल हातीं आलें. फोलिंगची कीर्ति झाली ती योग्यच. परंतु त्या बाईचे श्रम मला कमी मोलाचे वाटत नाहींत. पुढें या रोगांत आहार वेळींच बदलल्यास बुद्धि वांचते असें दिसून आलें, आणि १९५७ सालीं अमेरिकेंत विलर्ड सेंटरवॉल यांनीं ओल्या लंगोटावरच त्या द्रावाचा थेंब टाकून रंग पाहण्याची युक्ति प्रसिद्ध केली.

लंगोट रंगाच्या परीक्षेस पुरला. जंतूंच्या परीक्षेस पुरत नाहीं. ज्वरानें फणफणलेल्या अर्भकाच्या मूत्रमार्गांत जंतु आहेत काय, हें पाहण्यास मूत्र निर्मळ हवें. त्वचेला चिकटविलेल्या पिशवींत त्वचेवरचेच जंतु उतरतात आणि निरोगी बाळहि रोगी ठरूं शकतें. उरतात नळी घालणें किंवा पोटांतून मूत्राशयांत सुई टोंचणें. दोन्ही उपाय खात्रीचे, दोन्ही क्लेशाचे.

२०१३ सालीं माद्रिदच्या वैद्यांनीं निराळा मार्ग मांडला. बाळाला पाजावें, अंग स्वच्छ करावें, काखांत धरून पाय लोंबते ठेवावे. ओटीपोटावर अर्धा मिनिट बोटांनीं हलके ठोके द्यावे, मग कमरेशीं कण्याच्या दोहों बाजूंस अर्धा मिनिट चोळावें, आणि हें आलटून पालटून करावें. भांडें धरणारा मात्र सावध हवा! ८० नवजातांपैकीं ६९ जणांचें मूत्र पांच मिनिटांच्या आंत मिळालें. सरासरी वेळ ५७ सेकंद. बाळाला पायांवर बसवून ‘शू शू’ करणाऱ्या आपल्याकडील आयांना यांत फारसें नवल वाटणार नाहीं.

थोरल्या बाळांची गोष्ट वेगळी. मेलबर्न येथें एक ते बारा महिन्यांच्या ३५४ बालकांवर प्रयोग करून २०१७ सालीं त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. थंड क्षारजलांत भिजविलेलें कापड ओटीपोटावर फिरविलें असतां पांच मिनिटांत शेंकडा ३१ बालकांनीं मूत्रविसर्जन केलें. नुसती वाट पाहिली तेथें शेंकडा १२ नीं. बाकीच्यांसाठीं नळी आणि सुई अद्याप आहेतच.