शिळाछापातील उद्यान

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचे शरद ऋतूतील शिळाछाप चित्र पाहताना तांबूस झाडी आणि निवांत फिरणारी माणसे नजरेत भरतात. त्या झाडीखालचा इतिहास मात्र चित्रात उमटत नाही. १८२५ पासून मुक्त कृष्णवर्णीयांनी तेथे जमिनी विकत घेऊन ‘सेनेका व्हिलेज’ ही वस्ती वसवली. घरे, चर्च, शाळा उभारली. कृष्णवर्णीय पुरुषाला मताधिकारासाठी २५० डॉलरची स्थावर मालमत्ता लागे. गोऱ्यांना ही अट नव्हती. म्हणजे जमीन हेच त्यांचे मत होते. उद्यानासाठी १८५७ मध्ये सुमारे सव्वादोनशे रहिवासी हटवले गेले. मालकांना मोबदला मिळाला, पण वस्ती पुन्हा वसली नाही. २०११ च्या उत्खननात घराचा पाया आणि लोखंडी किटली सापडली. दगडावर रेखलेल्या चित्राने जे सांगितले नाही, ते मातीने जपून ठेवले होते.