गिअर कोणाच्या हाती? जुन्या पिकअपच्या वायरिंगची प्रस्तावना

अमेरिकेतल्या शेतांवर, लाकडाच्या वखारींत आणि बांधकामांवर १९८० आणि १९९० च्या दशकांतल्या पिकअप गाड्या अजूनही रोज राबतात. त्यांतली एखादी गाडी एके दिवशी महामार्गावर ओव्हरड्राइव्ह घेत नाही. वेग तोच राहतो, पण इंजिन वरच्या पट्टीत ओरडत राहते. मालकाला सल्ला मिळतो की गिअरबॉक्स उतरवा. तो उतरतो, आतल्या क्लच प्लेटा आणि सील नवे होतात, मोठा खर्च होतो आणि पहिल्याच लांबच्या फेरीत तक्रार परत येते. बिघाड ब्रेकच्या पेडलपाशी बसलेल्या एका छोट्या स्विचमध्ये होता, आणि तिकडे कोणी पाहिलेच नव्हते.

असे होते ते मेकॅनिक आळशी असतो म्हणून नव्हे. या गाड्यांत तेलाचा दाब, वीज आणि संगणक ही तीन वेगळी शास्त्रे एकाच लोखंडी पेटीत येऊन भेटतात. त्यांतले एक जाणणारा माणूस बाकीच्या दोहोंच्या चुका आपल्या शास्त्राच्या नावावर लावतो. म्हणून या विषयात नव्याने पाऊल टाकणाऱ्याला मी आधी एकच प्रश्न हाती देईन: जो गिअर पडत नाही, तो या गाडीत कोणाच्या ताब्यात आहे, तेलाच्या की तारेच्या? याचे उत्तर प्रत्येक कंपनीच्या, प्रत्येक काळाच्या गाडीत वेगळे आहे. ते ठाऊक नसताना केलेली तपासणी म्हणजे नुसते सुटे भाग बदलत जाणे.

ओव्हरड्राइव्ह म्हणजे इंजिनापेक्षा मागचा शाफ्ट जास्त वेगाने फिरवणारी गिअरची रचना. ०.७० हे गुणोत्तर असेल तर इंजिनाच्या ७० फेऱ्यांत शाफ्टच्या १०० फेऱ्या होतात. इंधन वाचते, आवाज कमी होतो, इंजिनाची झीज मंदावते. १९७३ चे तेलसंकट, १९७४ पासूनची ताशी ५५ मैलांची मर्यादा आणि १९७५ चा इंधनबचतीचा कायदा यांनंतर अमेरिकन कंपन्यांना ही बचत टाळता येईना. हलक्या ट्रकांना त्या कायद्याचे निकष १९७९ च्या मॉडेलपासून लागू झाले. पुढच्या दशकात चार गिअरच्या ऑटोमॅटिक पेट्या पिकअपमध्ये सर्रास बसू लागल्या. पण ओव्हरड्राइव्ह आणि वीज यांचे नाते त्याहून जुने आहे, आणि शिकायला मला ते जुनेच रूप अधिक आवडते, कारण त्यात संगणक नाही. जे घडते ते कानाने ऐकू येते.

बोर्ग-वॉर्नर कंपनीचे आर-१० हे युनिट १९५० च्या दशकात फोर्डच्या एफ-१०० मध्ये आणि शेव्हरोले, स्टुडबेकरच्या हलक्या ट्रकांत तीन गिअरच्या साध्या पेटीच्या मागे जोडून मिळत असे. डॅशखालची मूठ आत ढकलली की ते तयार असते. गाडी साधारण ताशी २८ मैलांच्या, म्हणजे ४५ किलोमीटरच्या पुढे गेली की मागच्या टोकाचा गव्हर्नर आपला संपर्क जोडतो आणि रिलेला अर्थ, म्हणजे गाडीच्या बॉडीशी जोड, देतो. रिले सॉलेनॉइडला करंट देतो. चालकाने क्षणभर अॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की सॉलेनॉइडचा खटका सूर्यचक्राला (सन गिअरला) धरून ठेवतो आणि ओव्हरड्राइव्ह लागतो. परत खाली यायचे तर पेडल तळाशी दाबायचे. पण जोर लागलेला असताना खटका सुटत नाही. म्हणून किकडाउन स्विच सॉलेनॉइडचा करंट तोडतो आणि त्याच वेळी इग्निशन क्षणभर अर्थ करतो. इंजिन एक श्वास चुकवते, दातांवरचा ताण जातो, खटका बाहेर येतो. तो बाहेर येताच सॉलेनॉइडमधलाच एक संपर्क इग्निशन पुन्हा मोकळे करतो.

हे वर्णन सावकाश वाचावे, कारण पुढची पुष्कळशी तपासणी त्यातच दडलेली आहे. पेडल तळाशी दाबले की इंजिन बंदच पडते आणि लोक कार्ब्युरेटर उघडून बसतात. अशा गाडीत सॉलेनॉइडमधला तो छोटा संपर्क चिकटलेला असू शकतो. इंजिनाचा वाटणारा दोष ओव्हरड्राइव्हच्या वायरिंगचा असतो. नव्या माणसाने पहिला प्रयोगही याच गाडीवर करावा. गाडी उभी, इंजिन बंद, इग्निशन चालू, मूठ आत. गव्हर्नरची तार काढून तिचे टोक बॉडीला टेकवायचे. दोन आवाज यायला हवेत: रिलेचा बारीक टक् आणि गाडीखालून सॉलेनॉइडचा जड ठोका. दोन्ही आले तर वायरिंगचा मोठा भाग निर्दोष आहे, शंका गव्हर्नरवर किंवा यांत्रिक भागावर घ्यावी. फक्त पहिला आला तर बिघाड रिलेचे संपर्क, तिथून निघणारी तार आणि सॉलेनॉइड यांच्यामध्ये आहे. एकही आला नाही तर फ्यूज, रिलेला येणारी वीज आणि मधले स्विच पाहायचे. तारेच्या एका तुकड्याने गाडीचे निम्मे वायरिंग संशयातून सुटते.

आता ऑटोमॅटिक पेट्यांकडे वळू. जनरल मोटर्सच्या १९८२ मध्ये आलेल्या ७००-आर४ पेटीत चौथा गिअर, म्हणजे ओव्हरड्राइव्ह, पूर्णपणे तेलाच्या ताब्यात आहे. गव्हर्नर, व्हॉल्व्ह आणि थ्रॉटलची केबल तो ठरवतात. विजेकडे फक्त टॉर्क कन्व्हर्टरचे लॉकअप आहे, म्हणजे इंजिन आणि पेटी यांच्यातली तेलातून होणारी जोडणी घट्ट करणे. त्याची वीज ब्रेक पेडलच्या स्विचमधून पेटीपर्यंत जाते आणि अर्थ संगणक देतो. स्विच जागेवरून थोडा सरकला की लॉकअप होत नाही. इंजिनाचा वेग उतरायचा तो उतरत नाही, कन्व्हर्टर घसरत राहून तेल तापते आणि चालक म्हणतो, ओव्हरड्राइव्ह गेला. सुरुवातीला सांगितलेला प्रकार तो हाच. चौथा गिअर पडतो आहे, लॉकअप होत नाही. हा फरक चालवणाऱ्याला कळला की पेटी उतरवायची वेळच येत नाही. उलट, याच पेटीत चौथा गिअर खरोखरच पडत नसेल तर वायरिंग तपासण्यात दिवस घालवणेही तितकेच चूक.

डॉजच्या पिकअपमधली ए-५१८ ही मधली पायरी. तिचे पहिले तीन गिअर जुन्या पद्धतीने तेलावर चालतात. ओव्हरड्राइव्ह आणि लॉकअप ही दोन सॉलेनॉइडची कामे. म्हणजे तिसऱ्यापर्यंत सगळे छान आणि चौथा नाही, अशी तक्रार आली तर संशयाचा पहिला मान तारेला.

फोर्डने १९८९ मध्ये एफ-मालिकेत ई४ओडी आणली आणि सगळेच गिअर तारेवर गेले. ही पेटी १९६६ च्या सी६ वरून घडवलेली होती, पण दोन शिफ्ट सॉलेनॉइड, दाब ठरवणारे एक, लॉकअपचे एक आणि इंजिन ब्रेकिंगसाठीचे एक, अशी पाच सॉलेनॉइड तिच्यात बसली. डिझेल गाड्यांना सुरुवातीची काही वर्षे त्यासाठी वेगळा संगणक होता. या पेटीवर मला थोडे जास्त थांबायचे आहे, कारण वीज गेल्यावर ती कशी वागते यावरून पुष्कळ शिकता येते. दोन्ही शिफ्ट सॉलेनॉइड मेली की ती ‘डी’मध्ये पहिल्याऐवजी चौथा गिअर देते. पहिल्याचे गुणोत्तर २.७१, चौथ्याचे ०.७१, म्हणजे उठताना चाकाला मिळणारा जोर जवळजवळ चौथाईवर येतो आणि गाडी जागची हलायला नको म्हणते. लिव्हर ‘२’वर ओढला की मात्र ती दुसऱ्या गिअरमध्ये नीट निघते. दाबाच्या सॉलेनॉइडचे गणित उलटे आहे: करंट जितका कमी, तेलाचा दाब तितका जास्त. त्यामुळे तार तुटली तर गिअर धाडकन पडतात. झिजलेल्या क्लच प्लेटांची पेटी घसरते, वीज हरवलेली पेटी दणके देते. यालाही अपवाद आहेत, पण ‘उठत नाही, दणका देते आणि दोनवर चालते’ ही तीन लक्षणे एकत्र ऐकली की मी हातात पाना नव्हे, मल्टिमीटर घेईन.

याच पेटीच्या अंगावर लिव्हरची जागा संगणकाला सांगणारा एक सेन्सर आहे. पाणी, चिखल आणि उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेले मीठ त्याला थेट लागते. त्याची भाषा रोधाची: पार्कमध्ये सुमारे ४,००० ओहम, ओव्हरड्राइव्हमध्ये ४०० च्या आसपास, ‘२’वर साधारण २००, ‘१’वर शंभरच्या आत. आता कपलरच्या पिनेवर गंज चढून २०० ओहमची भर पडली असे समजा. लिव्हर ‘२’वर असताना संगणकाला ४०० दिसतात आणि तो लिव्हर ओव्हरड्राइव्हवर आहे असे मानून हुकूम सोडतो. सेन्सर, संगणक, पेटी, सगळे शाबूत; फक्त मधल्या तारेने खोटे सांगितले. तसाच दुसरा नाजूक बिंदू म्हणजे लिव्हरच्या टोकाचे ओव्हरड्राइव्ह बंद करायचे बटण. त्याच्या तारा लिव्हरच्या आतून जातात आणि प्रत्येक वेळी गिअर टाकताना वाकतात, घासतात. कॉलमवरचा लिव्हर हलवताना ओव्हरड्राइव्ह बंद असल्याचा दिवा लुकलुकला तर आधी त्या तारा बाहेर काढून पाहाव्यात.

तपासण्याच्या पद्धतीबद्दल एक गोष्ट आग्रहाने सांगतो. तार जोडलेली आहे का, हे मल्टिमीटरच्या बीप आवाजावरून ठरवू नये. आतल्या वीस धाग्यांपैकी एकच शिल्लक असला तरी मीटर बीप देतो, कारण मीटर त्यातून नाममात्र करंट पाठवतो. खरी परीक्षा करंट वाहत असताना. सॉलेनॉइड चालू असताना तारेच्या दोन टोकांवर मीटरची दोन टोके लावावीत आणि किती व्होल्ट वाटेत हरवतात ते पाहावे. चांगल्या तारेत ते एका व्होल्टचा लहानसा अंश असतात. अर्थच्या बाजूलाही हीच तपासणी करावी. चासीला गंजलेल्या बोल्टने बांधलेली अर्थची पट्टी एकाच वेळी अनेक सर्किटांना छळते. १९५५ पर्यंतच्या फोर्डमध्ये, जिथे सगळी गाडी सहा व्होल्टवर चालते, अर्धा व्होल्ट हरवला तर बारावा हिस्सा गेला.

आपल्याकडच्या ऑटो इलेक्ट्रिशियनचा टेस्ट लॅम्प इथे उत्तम काम देतो, कारण तो स्वतः करंट ओढतो आणि मरतुकड्या तारेवर मंद जळतो. पण २१ वॉटचा बल्ब पावणेदोन अँपिअर घेतो, तर ई४ओडीचे शिफ्ट सॉलेनॉइड २० ते ३० ओहमचे, म्हणजे अर्ध्या अँपिअरच्या आसपासचे. असा दिवा संगणकातून निघालेल्या तारेला लावला तर आतला ट्रान्झिस्टर जळू शकतो. रिले, फ्यूज आणि अर्थ यांच्यासाठी दिवा वापरावा, संगणकाच्या तारांसाठी मीटर.

वाचकाने कुठून सुरुवात करावी हे त्याच्या गाडीवर अवलंबून आहे. आर-१० असलेल्याने वरचा दोन आवाजांचा प्रयोग करून रिलेकडे जावे. ७००-आर४ असलेल्याने आधी रस्त्यावर चौथा गिअर आणि लॉकअप वेगवेगळे ओळखायला शिकावे: चौथ्यात एकसारख्या वेगाने जाताना ब्रेकचे पेडल डाव्या पायाने किंचित स्पर्शले की लॉकअप सुटून इंजिनाचा काटा थोडा वर जायला हवा. तो हललाच नाही तर लॉकअप लागलेलेच नव्हते. ई४ओडी असलेल्याने फोर्डचे त्या सालचे ‘इलेक्ट्रिकल अँड व्हॅक्यूम ट्रबलशूटिंग मॅन्युअल’ मिळवावे, संगणकातले कोड वाचावेत, आणि ६३४ हा कोड आला तर नवा सेन्सर मागवण्याआधी जुन्याचा कपलर उघडून पिना पाहाव्यात.