बगळ्याची सायकल

आत्याचं म्हणणं एकच होतं, सायकलवर बगळा होता. काका म्हणत, बगळा कुठला, एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका होत्या. म्हणजे सायकल बी.एस.ए. समोर उभ्या असलेल्या सायकलवर मात्र बगळाही नव्हता आणि बंदुकाही नव्हत्या. हँडलखालच्या नळीवर मोनोग्रामच्या जागी रिव्हेटची दोन भोकं तेवढी राहिली होती, तीही काळ्या ऑइलपेंटने बुजलेली.

कुर्ल्यातली आमची चाळ पुनर्विकासाला निघाली आणि जिन्याखालच्या या सायकलीचं काय करायचं हा प्रश्न उभा राहिला. भाड्याच्या खोलीत माणसांनाच जागा पुरत नव्हती. भंगारवाल्याने तिचं मागचं चाक उचलून वजनाचा अंदाज घेतला आणि ३०० रुपये सांगितले. मला त्याचा राग आला नाही. त्याने लोखंडाचा भाव केला होता. आपली सायकल नेमकी कोणती हे आम्हालाच सांगता येत नव्हतं, तर त्याने दुसरा कुठला भाव करायचा?

घरात चालत आलेली गोष्ट अशी. आजोबा प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फिटर. १९४७ मध्ये इंग्रज निघाले, तेव्हा कुर्ल्यातल्या कुठल्याशा कंपनीतला एक साहेब जाता जाता आपली सायकल आजोबांना विकून गेला. सव्वाशे रुपयांना, तेही हप्त्याने. पुढे तीस वर्षं आजोबा तिच्यावरून कामावर गेले. सेकंड शिफ्ट सुटली आणि दिव्यात तेल नसलं, तर पोलिसाने पकडू नये म्हणून सायकल हातात धरून चालत घरी यायचे. दर वर्षी कर भरून म्युनिसिपालिटीचा पितळी बिल्ला लावायचे. खंडेनवमीला घरात पूजा व्हायची ती पान्यांची आणि या सायकलीची. माझ्या आठवणीत ती कायम जिन्याखालीच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि मिठी नदी आमच्या जिन्यात शिरली. हँडलची फक्त दोन टोकं पाण्यावर दिसत होती. पाणी ओसरल्यावर वडिलांनी तिच्या प्रत्येक भोकात रॉकेल आणि तेल सोडलं आणि वरून ऑइलपेंटचा जाड हात मारला. त्या हाताने सायकल वाचली, पण तिची ओळख झाकली गेली.

मी तिला बैलबाजाराकडच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे नेलं. सगळे त्यांना चाचा म्हणतात. जाताना सीएसटी रोड लागतो. गाड्यांच्या सुट्या भागांसाठी आख्खी मुंबई या रस्त्यावर येते. नावातलं सीएसटी म्हणजे बोरीबंदर नव्हे, सेंट्रल साल्सेट ट्रामवे. १९२८ ते १९३४ एवढी सहाच वर्षं ट्रॉम्बेहून कुर्ल्यावरून अंधेरीपर्यंत ती गाडी धावली. रूळ कधीच उखडले, नाव राहिलं, आणि त्या नावाचा अर्थ लोकांनी आपापल्या परीने लावून घेतला. जुन्या वस्तूंचंही असंच होतं.

चाचांनी आधी मला एक गोष्ट बजावली. रंग खरवडायचा नाही, कानशीला तर हातच लावायचा नाही. जुन्या सायकलीचा मूळ रंग कितीही उडालेला असला तरी नव्या चकचकीत रंगापेक्षा त्याला जास्त मोल असतं, कारण नवा रंग कुणीही देऊ शकतो. त्यांनी फडक्याला रिमूव्हर लावून मागच्या मडगार्डवर हलक्या हाताने पुसलं. काळ्याखालून आणखी एक काळा निघाला, जास्त खोल, आणि त्याच्यावर केसाएवढी सोनेरी रेघ. पुढच्या चाकाच्या चिमट्याच्या खांद्यावरचा पेंट पुसला तशा निकेलच्या दोन गोल टोप्या उघड्या पडल्या. चाचा काही बोलले नाहीत, पण त्यांचं पुसणं मंदावलं.

मग त्यांनी चेनचा डबा उघडला. ही सायकल बंद डब्याची, आत तेल राहावं म्हणून चारी बाजूंनी झाकलेली. पुढची गोल झाकणी निघाली, आतला चिखलासारखा काळा थर चाचांनी बोटाने बाजूला केला, आणि पुढच्या दातेरी चाकात पत्रा कापून घडवलेलं एक पक्ष्याचं डोकं दिसलं. लांब चोच, बारीक मान. चाक फिरवलं तसं दुसरं आलं, मग तिसरं. मी तिथूनच आत्याला फोन लावला. ती एवढंच म्हणाली, "मग? सांगत होते ना. खंडेनवमीला बाबा डबा उघडून साफ करायचे, तेव्हा त्या बगळ्यांना हळदकुंकू मीच लावायचे." मिठीच्या खाजणात रोज बगळे पाहणारी मुलगी ते विसरणार कशी?

तो बगळा रॅलेचा. १८८७ मध्ये इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम शहरात रॅले स्ट्रीटवरच्या एका छोट्या कारखान्यात फ्रँक बोडेन यांनी पैसा घातला. कारखान्याला रस्त्याचं नाव मिळालं, आणि बगळा आला बोडेन घराण्याच्या चिन्हातून. पण बगळा दिसला म्हणून लगेच विलायती म्हणता येत नाही. सेन-रॅलेच्या आसनसोलच्या कारखान्यातून १९५० च्या दशकापासून भारतातच रॅले बनू लागल्या. मोनोग्राम असता तर त्यावर गावाचं नाव वाचता आलं असतं. आमचा मोनोग्राम गेलेला, म्हणून बाकीच्या भागांची साक्ष काढावी लागली.

पहिली साक्ष मागच्या चाकाच्या हबची. आत तीन गिअर असलेला जाडजूड स्टर्मी-आर्चर हब. मधला गिअर सरळ, खालचा त्याच्या तीन-चतुर्थांश, वरचा चार-तृतीयांश. शीवच्या पुलाचा चढ आजोबा सीटवरून न उठता कसे चढायचे ते मला आत्ता कळलं. या हबच्या कवचावर इंग्रजी ए आणि डब्ल्यू ही अक्षरं ठोकलेली असतात आणि त्यांच्याजवळ सालाचे दोन आकडे. चाचांनी पितळी ब्रशने घासलं. आकडे निघाले ५१.

माझा हिरमोड झाला. १९४७ ला गेलेला साहेब १९५१ चा हब कसा विकेल? हबचं साल हे हबपुरतंच खरं, चाक मागाहून बदललेलं असू शकतं, हे चाचांनी समजावलं. तरी मनात शंका राहिलीच. घरी येऊन आत्याला विचारलं. ती ८१ वर्षांची आहे. "साहेब सत्तेचाळीसला गेला हे तुला कुणी सांगितलं? तो साहेब मी चौथीत जाईपर्यंत इथेच होता. नाताळात त्याच्याकडून केक यायचा." मी जुळवून पाहिलं, ती चौथीत म्हणजे १९५३ च्या सुमारास. स्वातंत्र्यानंतरही कितीतरी इंग्रज आपापल्या कंपन्यांत काही वर्षं राहिले होते. सत्तेचाळीस हे साल आमच्या घरात मागाहून चिकटलं, बहुधा माझ्या वडिलांच्या पिढीत, कारण इंग्रज गेला म्हटलं की तेच साल तोंडात येतं. हबने आत्याची गोष्ट खोडली नाही, तिला चिकटलेलं खोटं साल तेवढं काढून टाकलं.

दुसरी साक्ष मला सगळ्यात मोलाची वाटते. पायडलचा आस ज्या दोन कपांत फिरतो त्यातला डावा कप चाचांनी काढला. छर्‍यांच्या वाटेवर खड्डे पडले होते. त्यांनी डब्यातून नवा कप काढून बसवायला घेतला. दीड फेरा गेला आणि कप अडकला. जोर न लावता त्यांनी तो उलटा फिरवून काढला, आटे मोजायची पट्टी आणली आणि एकेक पातं लावून पाहिलं. बाजारात सरसकट मिळणाऱ्या कपाला इंचात २४ आटे असतात. आमच्या फ्रेमला २६ होते. नॉटिंगहॅमच्या रॅलेने आपले वेगळे २६ आटे वर्षानुवर्षं चालवले, दुसऱ्या कुणाचा कप त्यात बसत नाही.

मग चाचांनी जुना कप उजेडात धरला. त्यावर कुठल्याही कारखान्याची मोहर नव्हती. बाहेरच्या अंगावर लेथच्या हत्याराच्या बारीक गोल रेघा होत्या आणि पान्यासाठीच्या खाचा हाताने कानशीने पाडलेल्या, दोन खोल, एक उथळ. "हा कारखान्याचा नाही," चाचा म्हणाले, "कुणीतरी बसून काढलाय." कुणी काढला ते मला विचारावं लागलं नाही. कप झिजला, तशा आट्यांचा दुसरा कुर्ल्यात मिळेना, म्हणून फिटर माणसाने ओळखीच्या लेथवर २६ आटे पाडून घेतले. ही गोष्ट घरात कुणीच सांगितली नव्हती. आजोबांना ती सांगण्यासारखी वाटली नसावी.

जागा नसल्याने सायकल विकायची हे ठरलंच होतं. किंमत ठरवताना मी पुण्याला कर्वेनगरमधल्या विक्रम पेंडसे सायकल म्युझियममध्ये जाऊन आलो. जपलेली सायकल शेजारी उभी केल्यावर आपल्या सायकलीत काय नाही ते लख्ख दिसतं. आमच्याकडे मोनोग्राम नव्हता, पुढची रिम देशी होती, ब्रुक्सच्या चामडी सीटच्या जागी रेग्झिनची सीट, पंप गेलेला. जमेला फ्रेम, चिमटा, डबा, सळईचे ब्रेक आणि चालू हब. हॉटेलच्या सजावटीसाठी सायकली घेणाऱ्या एकाने ४,००० सांगितले. भिंतीवर टांगायला हब चालू असण्याची गरज नसते. मी थांबलो. जुनी सायकल विकताना घाई केली की ती भिंतीवर तरी जाते नाहीतर तराजूत. ती चालवणारा माणूस शोधायला वेळ द्यावाच लागतो. आम्हाला चार महिने लागले.

घेणारे गृहस्थ ठाण्याचे. त्यांना मी कागदावर सगळं लिहून दिलं, मूळचं काय, बदललेलं काय, घरी केलेलं काय, पुरात किती वेळ होती. हबचं साल लिहिलं, सायकलीचं साल लिहिलं नाही. त्यांनी देशी रिम आणि सीटचे मिळून २,००० कमी केले, ते रास्त होतं. सौदा १६,००० ला झाला. टेम्पो आणलेला असूनही त्यांनी ती स्टेशनपर्यंत चालवत नेली.

महिन्याभराने त्यांचं पार्सल आलं. खरा २६ आट्यांचा कप त्यांना मिळाला होता, म्हणून आजोबांचा कप त्यांनी धुऊन, तेल लावून परत पाठवला होता. आत्याने चष्मा लावला आणि खिडकीशी बसून नखाने आटे मोजायला घेतले. सात-आठवर बोट निसटायचं, की ती पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची.