दोन काठ आणि एक चेंडू

धुळवडीची दुपार. रंग धुऊन झालेले, पोटात पुरणपोळी गेलेली आणि घरातली मोठी माणसे आडवी झालेली. अशा वेळी आम्ही अकोल्याची पोरे मोर्णेच्या पात्रात उतरायचो. गोष्ट पन्नास वर्षांपूर्वीची आहे. मार्चमध्ये नदीला पाणी जेमतेम घोट्याएवढे असे. एका काठावर असदगडाचा किल्ला आणि जुने शहर, दुसऱ्या काठावर ताजनापेठ आणि पुढे वाढत गेलेली नवी वस्ती. मधल्या कोरड्या जागेत आमचा फुटबॉल चाले. या काठाची पोरे विरुद्ध त्या काठाची पोरे. संघ किती जणांचा, हे कोणी मोजत नसे. जो आला तो खेळला. काठावर उभे राहून ओरडणारेही अधूनमधून खाली उतरून एखादी लाथ मारून जात, कधी चेंडूला, कधी माणसाला.

निघताना आजी हटकून म्हणायची, ‘‘त्या काठच्या पोराईसंगं खेळू नोको रे बाप्पा, डोस्कं फुटन!’’ डोकी फुटतही. पण पुढच्या धुळवडीला आम्ही पुन्हा तिथेच असायचो.

पुढे मी शाळेत इतिहास शिकवू लागलो. वाचता वाचता असे लक्षात आले की, आमचा तो नियम नसलेला धुळवडीचा खेळ फुटबॉलच्या मूळ रूपाच्या बराच जवळचा होता. फुटबॉलचा जुना इतिहास शिमग्याशी, म्हणजे युरोपातल्या शिमग्याशी, घट्ट बांधलेला आहे.

ख्रिस्ती लोकांत ईस्टरपूर्वी चाळीस दिवसांचा उपवासाचा काळ असतो. तो सुरू होण्याआधी खाऊन, पिऊन, नाचून घ्यायचे, तो कार्निव्हल. आपल्याकडे श्रावण लागण्याआधी आखाडी किंवा गटारी करतात, त्यातलाच हा प्रकार. मात्र त्याची मस्ती, सोंगे आणि मोठ्यांना चार शब्द ऐकवण्याची मुभा आपल्या शिमग्याची. उपवासाच्या आदल्या मंगळवारी इंग्लंडमध्ये गावेच्या गावे चेंडू खेळायला बाहेर पडत. विल्यम फिट्झस्टीफन या लेखकाने ११७४च्या सुमारास लंडनचे वर्णन लिहिले. त्या दिवशी जेवणानंतर शहरातले तरुण मोकळ्या जागेत चेंडू खेळायला जमतात आणि वडीलधारे घोड्यांवर बसून पाहायला येतात, असे त्यात आहे. प्रेक्षकांचा हा फार जुना उल्लेख म्हणावा लागेल.

हा खेळ म्हणजे दंगलच होती. १३१४ मध्ये लंडनच्या महापौराने राजाच्या नावाने त्यावर बंदी घातली. पुढच्या राजांनीही बंद्या घातल्या. तरुणांनी चेंडू सोडून धनुर्विद्येचा सराव करावा, असे एका राजाचे म्हणणे होते. १८३५च्या रस्तेविषयक कायद्याने सार्वजनिक रस्त्यावर फुटबॉल खेळणाऱ्यास दंड ठरवला. डर्बी शहरातला कार्निव्हलचा सामना १८४६ मध्ये सैन्य आणून मोडावा लागला.

तरीही ॲशबोर्न नावाच्या एका लहान गावात तो खेळ आजही होतो. गावातून हेनमोर नावाचा ओढा वाहतो. ओढ्याच्या एका बाजूला जन्मलेले एका संघात, दुसऱ्या बाजूला जन्मलेले दुसऱ्या संघात. दोन गोलांमधले अंतर तीन मैल. मंगळवार आणि बुधवार असे दोन दिवस, दुपारी दोनपासून रात्री दहापर्यंत हजारो माणसे एका चेंडूमागे रेटारेटी करतात. दुकानदार आधीच फळ्या ठोकून दुकाने बंद करतात. नियम अगदी थोडे. चेंडू मोटारीत घालून न्यायचा नाही, कपड्यांत लपवायचा नाही, दफनभूमीत शिरायचे नाही. आणि एक जुना नियम असा की, खून करायचा नाही! १९२८ मध्ये इंग्लंडच्या युवराजाने स्वतः येऊन चेंडू उडवून दिला, तेव्हापासून या सामन्याला ‘रॉयल’ ही पदवी लागली.

ॲशबोर्नच्या ओढ्याबद्दल वाचले, तेव्हा मला आमची मोर्णा आठवली. आणि मोर्णेहूनही अधिक जाम नदी आठवली.

माझे आजोळ वरुडच्या बाजूचे. तिथून पांढुर्णा फार लांब नाही. आता ते मध्य प्रदेशातले जिल्ह्याचे गाव आहे, पण घराघरात बोली आपलीच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिथे गोटमार असते. जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव. मधल्या प्रवाहात पळसाचे झाड रोवतात, त्यावर झेंडा लावतात. पांढुर्ण्याच्या लोकांनी तो झेंडा काढायचा, सावरगावच्या लोकांनी तो राखायचा आणि दोन्हीकडून दगडांचा वर्षाव. असे सांगतात की, पांढुर्ण्याचा एक मुलगा सावरगावची मुलगी घेऊन नदी ओलांडत होता. तेव्हा एका काठाने दगड मारले, दुसऱ्याने उत्तर दिले आणि त्याची ही आठवण. गोटमारीत दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात. अनेकांचे जीवही गेले आहेत. झेंडा हाती आला की तो चंडीमातेच्या देवळात वाहतात आणि वर्षभर दोन्ही काठांचे लोक एकमेकांच्या लग्नात जेवतात.

माझे एक मामा सावरगावात राहत. कपाळावर भुवईच्या वर त्यांच्या एक खोल वण होता. मी लहानपणी विचारले, ‘‘मामा, दगड कोणी मारला?’’ ते म्हणाले, ‘‘कोनं मारला ते मालूम नाही. कोन्या काठावून आला ते मालूम हाये.’’ हे सांगताना त्यांच्या आवाजात राग नव्हता. थोडा अभिमानच होता. त्या एका वाक्यात समर्थक नावाच्या माणसाचे सारे मन आले आहे, असे मला आज वाटते. त्याला समोरचा माणूस दिसत नाही, समोरचा काठ दिसतो.

आता प्रश्न असा की, काठाचे हे प्रेम माणसे मारल्याशिवाय जगू शकते का? इंग्लंडने त्याला एक उत्तर शोधले. २६ ऑक्टोबर १८६३ रोजी लंडनच्या एका खाणावळीत काही क्लबांचे प्रतिनिधी जमले आणि फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली. पुढच्या बैठकांत मोठा वाद झाला तो प्रतिस्पर्ध्याच्या नडगीवर लाथ मारण्याची मुभा असावी की नसावी यावर. मुभा मागणारा ब्लॅकहीथ क्लब शेवटी बाहेर पडला. पुढे रेषा आखल्या गेल्या, वेळ ठरली, अकरा-अकरा जण आत राहिले. पण एके काळी सगळा गाव खेळत होता. त्या गावाचे काय झाले? तो रेषेबाहेर उभा राहिला. आज ज्याला आपण समर्थक म्हणतो, तो रेषेबाहेर राहिलेला गाव आहे. त्याच्या पायातला चेंडू गेला. गळा, ढोल आणि झेंडा मात्र त्याच्याकडेच राहिले.

म्हणूनच जिथे कार्निव्हल टिकला, तिथे समर्थकांनी तो मैदानात आणला. जर्मनीतल्या कोलोन शहराचे उदाहरण घ्या. कार्निव्हलच्या दिवसांत तिथला संघ खास पोशाखात खेळतो आणि प्रेक्षक विदूषकाचे कपडे घालून येतात. त्या क्लबचे शुभचिन्ह जिवंत बोकड आहे. क्लबची स्थापना १९४८ची. १९५० मध्ये क्लबच्या कार्निव्हलच्या मेळाव्यात एका सर्कशीच्या मालकिणीने गंमत म्हणून त्यांना बोकड भेट दिला. त्याचे नाव हेन्नेस ठेवले. गंमत अशी टिकली की आजपर्यंत एकामागून एक हेन्नेस मैदानाच्या कडेला उभे राहत आले आहेत आणि क्लबच्या चिन्हावरही बोकडच आहे.

आपल्या महाराष्ट्रात याच्या जवळ जाणारे गाव म्हणजे कोल्हापूर. तिथे फुटबॉल क्लबांची नावे वाचली तरी इतिहास कळतो. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ. कुस्तीच्या तालमींनीच फुटबॉल दत्तक घेतला. १९४० मध्ये कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली आणि शाहू स्टेडियम हे या खेळाचे माहेरघर बनले. हिवाळ्यात सुरू होणारा हंगाम शिमगा आणि रंगपंचमी ओलांडून उन्हाळ्यात जातो. पेठेतले आजोबा, मुलगा आणि नातू एकाच संघामागे उभे राहतात. तालमीचा गणपती, तालमीचा रंग आणि तालमीचा संघ यांत तिथे भेद नाही. पण तिथेही सामन्यानंतर समर्थकांत हाणामाऱ्या आणि दगडफेक झाल्याचे प्रसंग घडले आहेत. चेंडू आला म्हणून दगड आपोआप जात नाही.

मग आमच्या वऱ्हाडात तालमीचे काय झाले? इथे तालमीने फुटबॉल घेतला नाही. तिने वेगळी वाट धरली. १९१४ मध्ये अमरावतीत वैद्य बंधूंनी, म्हणजे अंबादासपंत आणि अनंत वैद्य यांनी, हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे बीज पेरले. गल्लीतला आखाडा म्हणजे वस्तीची ताकद आणि वस्तीचे भांडण. तो आखाडा त्यांनी शिक्षणाची शाळा केली. तिथे विद्यार्थी दुरून येऊ लागले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने कबड्डीसारख्या देशी खेळांची प्रात्यक्षिके परदेशी प्रेक्षकांसमोर केली. १९४९ मध्ये स्टॉकहोमच्या लिंगियाड या व्यायाम महोत्सवातही मंडळाचे पथक गेले. अमरावतीच्या मातीत हुतूतू खेळणाऱ्या पोरांसाठी ही केवढी मोठी गोष्ट होती! आमच्या पिढीला या मंडळाचा अभिमान वाटे तो यामुळेच. आखाड्याची मस्ती शिस्तीत आणता येते, हे त्यांनी दाखवले.

पण शिस्तीने सगळा प्रश्न सुटत नाही. काठाचे प्रेम शिल्लक राहतेच आणि ते आपली जागा शोधते. अकोल्यात ते कुठे गेले, हे पाहायचे असेल तर श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी या. आदल्या दिवशी, म्हणजे रविवारी, वस्तीवस्तीची मंडळे ढोलताशे घेऊन पूर्णेकाठच्या गांधीग्रामला निघतात. एकेका मंडळाच्या पोरांचे कपडे एका रंगाचे. रात्र तिथेच काढायची, पूर्णेचे पाणी भरण्यांत भरायचे आणि सुमारे अठरा किलोमीटर अनवाणी चालत येऊन जुन्या शहरातल्या राजराजेश्वराला अभिषेक करायचा. यंदा कोणाची कावड किती भरण्यांची, याची चर्चा आठवडाभर आधी पानटपरीवर सुरू होते. मोठ्या कावडी शेकडो भरण्यांच्या असतात. भक्ती तर आहेच, पण आमची वस्ती तुमच्या वस्तीपेक्षा कमी नाही, हेही त्यात आहे. इथे चुरस आहे, रंग आहेत, ढोल आहेत, घोषणा आहेत. फक्त समोर कोणाचे डोके नाही. वजन स्वतःच्याच खांद्यावर घ्यायचे आहे. मला हे फार शहाणपणाचे वाटते.

पांढुर्ण्यात प्रशासनाने एकदा दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. लोकांनी ते बाजूला ठेवले आणि पुन्हा दगड उचलले. वर्तमानपत्रात ती बातमी वाचून अनेकजण हसले. मला हसू आले नाही. मामांच्या कपाळावरचा वण आठवला. चेंडू वरून आला होता. ॲशबोर्नच्या लोकांनी आपले नियम आपणच ठरवले, आमच्या कावडीचे नियमही वस्त्यांनीच ठरवले. कायदा आणि पोलीस लागतातच, त्यांच्याशिवाय भागत नाही. पण काठावरच्या माणसांनी स्वतः मनावर घेतल्याशिवाय दगडाचा चेंडू होत नाही. आणि ते मनावर घेण्याचे काम काठावरच्या आजोबांना, मामांना करावे लागते. माझ्या मामांनी तो वण अभिमानाने दाखवला नसता, तर त्यांची पोरे कदाचित नदीत उतरली नसती. ती उतरली.

जानेवारी २०१८ मध्ये अकोल्यात मोर्णा स्वच्छतेची मोहीम निघाली. पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये तिचा उल्लेख केला, त्यामुळे ती देशभर गाजली. मीही गेलो होतो. पात्र जलकुंभीने भरलेले होते. विद्यार्थी, व्यापारी, बायाबापड्या सगळे चिखलात उभे. माझ्या शेजारी माझ्याच वयाचे एक गृहस्थ वेल ओढत होते. बोलता बोलता कळले की ते जुन्या शहरातले, धुळवडीला समोरच्या संघातून खेळणारे. मी म्हटले, ‘‘मग माझ्या नडगीवर लाथ तुम्हीच मारली असणार.’’ ते हसून म्हणाले, ‘‘असंन भाऊ, याद नाही. पन तुमच्या काठानं आमचा चेंडू नेला होता, तो आजून वापस नाही आला!’’

त्यांना चेंडूचे देणे लागतो, हे मी तिथे चिखलात उभे राहून कबूल केले. पुढच्या धुळवडीला एक नवा चेंडू घेतला आणि नातवाबरोबर पूल ओलांडून त्यांच्या घरी पोचवला.