घरात कुणाला बीपी आहे का?

निफाड तालुक्यातल्या विंचूरला आशाताई सीबॅकचा, म्हणजे आजारांचा धोका जोखायचा, फॉर्म घेऊन ओट्यावर बसली, की तंबाखू, दारू, कंबरेचा घेर असं विचारत विचारत एका प्रश्नाशी येते. "मावशी, घरात कुणाला बीपी, शुगर, हार्टचा त्रास?" मावशी कांदे निवडता निवडता आठवतात. "सासऱ्यांना होतं ना. थोरल्या दिरांची पण गोळी चालू आहे." मग आशाताईला हसू दाबत सांगावं लागतं, "सासरचं नाही हो, माहेरचं. आई, वडील, भाऊ, बहिणी."

मावशींचं काही चुकलेलं नाही. तीस-चाळीस वर्षं ज्या घरात राबल्या ते त्यांचं घर. पण तिशी ओलांडलेल्या प्रत्येकासाठी असलेल्या त्या सरकारी फॉर्मला वेगळंच घर हवं असतं. तिथे 'हो' म्हटलं तर दोन गुण पडतात, आणि एकूण बेरीज चारच्या वर गेली की त्या माणसाची तपासणी आधी करायची. सासऱ्यांच्या नावावर पडलेले दोन गुण म्हणजे चुकीच्या खात्यावर जमा झालेली रक्कम.

हा प्रश्न तसा जुना. एकोणिसाव्या शतकात विमा कंपन्यांच्या अर्जांत तो छापून येऊ लागला: वडील आहेत का, नसल्यास कशाने गेले, भावंडं किती, त्यांची प्रकृती कशी. तेव्हा धास्ती होती क्षयाची आणि वेडाची. रक्तदाबाचं नाव त्यात असणं शक्यच नव्हतं, कारण तो मोजायचा कसा हेच ठरलं नव्हतं. दंडाला गुंडाळायचा पट्टा इटलीत तुरीनच्या रिवा-रोची यांनी 1896 साली मांडला. 1905 मध्ये रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी त्याखाली स्टेथोस्कोप लावून ऐकायची रीत दिली, आणि वरचा-खालचा असे दोन आकडे हाती आले. त्याआधी आपल्याकडे माणूस 'लकव्याने' जायचा, नाहीतर 'बसल्या जागी' जायचा. घराण्यात काय आहे ते त्या दोन शब्दांतच सांगून व्हायचं.

आकडे मिळाल्यावर भांडण लागलं, आणि या कुळकथेतला सगळ्यात रंगतदार भाग तोच. मँचेस्टरचे डॉक्टर रॉबर्ट प्लॅट 1947 पासून म्हणत होते, की उच्च रक्तदाब हा वेगळाच आजार आहे, तो एखाद्याच जनुकातून येतो. माणसं दोन गटांत पडतात, ज्यांच्याकडे तो आहे आणि ज्यांच्याकडे नाही. लंडनचे, पुढे ऑक्सफर्डला गेलेले, जॉर्ज पिकरिंग म्हणाले, अशी रेघ कुठेच नाही. उंचीसारखंच हे: कुणी थोडा कमी, कुणी थोडा जास्त, आणि रेघ ओढतो तो डॉक्टर. दोघांची वर्षानुवर्षं जुंपली. आपल्या भाषेत सांगायचं तर प्लॅट यांच्या मते सगळं वतन एकाच्या नावावर होतं. पिकरिंग म्हणत होते, नीट उतारा काढा, भाऊबंदांच्या शेकडो तक्षिमा, म्हणजे वाटे, निघतील.

तक्षिमाच निघाल्या. 2018 मध्ये दहा लाखांहून जास्त लोकांच्या जनुकांचा मेळ घालून रक्तदाबाशी जोडलेल्या जागांचा आकडा 901 वर गेला. एकेका जागेचा वाटा एवढासा, की बहुतेकींमुळे पारा एक मिलिमीटरही धड हलत नाही. प्लॅट यांची बाजू अगदीच पडली असंही नाही. 1992 मध्ये रिचर्ड लिफ्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक विरळा आनुवंशिक आजार उलगडला, त्यात एकाच जनुकातला घोळ लहान वयातच दाब चढवतो. अशी आणखीही काही कुटुंबं सापडली, पण मोजकीच. जुळ्यांच्या आणि कुटुंबांच्या अभ्यासांतून दिसतं ते असं, की माणसामाणसांतल्या रक्तदाबाच्या फरकापैकी साधारण 30 ते 50 टक्के वाटा वारशाचा. मात्र त्या दहा लाखांतले जवळपास सगळे युरोपीय वंशाचे. निफाड तालुक्याचा उतारा त्यात शोधायला जाऊ नये.

आता कुळाकडे येऊ. विंचूरचं नाव ज्या घराण्याने मोठं केलं त्यांचं मूळ आडनाव दाणी. त्यांच्यातले विठ्ठल शिवदेव पानिपतावर लढून परतले, आणि जहागिरीच्या गावावरून घराणं विंचूरकर झालं. आपल्याकडे कुळ असंच जमिनीला आणि पुरुषाला बांधलेलं. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यांच्या वह्या उघडल्या तर आजा, पणजा, खापरपणजा ओळीने भेटतात. छापील कुलवृत्तांतांतही मुलीचा पत्ता बहुधा 'अमक्यांकडे दिली' इथे संपतो. गोत्र बदललं, आडनाव बदललं, कित्येक घरांत नावही बदललं. जनुकांना मात्र कन्यादान ठाऊक नाही. ती निम्मी आईकडची, निम्मी बापाकडची, आणि कोणत्याही मांडवात बदलत नाहीत. ज्या आजीचं नाव वहीत नाही, तिच्या तक्षिमा नातवाच्या धमन्यांत असतात.

तरी मावशींचं उत्तर मला पूर्ण फेकवत नाही. 2023 मध्ये चार देशांतल्या जोडप्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात भारतातल्या ज्या बायकांच्या नवऱ्याला उच्च रक्तदाब होता त्यांना तो असण्याची शक्यता, नवऱ्याला नसलेल्या बायकांपेक्षा 19 टक्क्यांनी जास्त निघाली. नवरा-बायकोत सहसा रक्ताचं नातं नाही, नातं चुलीचं. तेच पापड, तोच ठेचा, तेच लोणचं, त्याच काळज्या. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक चमचा, आणि तोही दिवसभराच्या सगळ्या जेवणांत मिळून. तेव्हा सासरची चूल धोक्यात भर घालते खरी, पण फॉर्ममधला तो रकाना चुलीचा नव्हे.

म्हणून भाऊबीजेला माहेरी जाल तेव्हा एवढं विचारून या: आईची गोळी कितव्या वर्षी सुरू झाली, वडील कशाने गेले, भावंडांपैकी कुणाचं बीपी चढतं. आईवडिलांचा दाब कुणी मोजलाच नसेल, तर लकवा झाला होता का, किडनी गेली होती का, ते विचारा. आणि ओवाळून झालं की भावाच्या दंडालाही एकदा पट्टा बांधून घ्या, तुमच्याही.