शांबरिक खरोलिकेपासून संगणकाच्या पडद्यापर्यंत

चित्र दाखवीत कथा सांगावी, ही मराठी माणसाची हौस फार जुनी आहे. कुडाळजवळच्या पिंगुळी गावचे ठाकर चित्रकथी कागदावर रंगविलेल्या चित्रांची पोथी पुढे ठेवीत आणि एकेक चित्र सारीत रामायण-महाभारतातील आख्याने गाऊन सांगत. चित्र पुढे आले की प्रसंग बदलला, ही त्या खेळाची रीत. आज मंडळाच्या सभागृहात संगणकाची कळ दाबून पडद्यावरील चित्र पुढे सरकविणारा आमचा तरुण कार्यकर्ता नेमके हेच करीत असतो. मात्र चित्रकथ्याची पोथी कोणत्याही अंगणात उघडत असे, आणि आमच्या कार्यकर्त्याची पोथी दुसऱ्याच्या यंत्रावर उघडेल की नाही याची खात्री देता येत नाही. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने मंडळाची जुनी छायाचित्रे, पारदर्शिका आणि ध्वनिचित्रफिती एकत्र करण्याचे काम हाती घेतले तेव्हा हा प्रश्न पुढे उभा राहिला. त्याचा थोडा इतिहास वाचकांपुढे मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ साली 'शांबरिक खरोलिका' या नावाने जादूच्या दिव्याचे खेळ सुरू केले. शंबरासुराची ती शांबरी, म्हणजे माया. मायावी दिव्याला इतके शोभिवंत नाव दुसऱ्या कोणा भाषेने दिले असेल असे आम्हांस वाटत नाही. काचेवर हाताने रंगविलेली लहानशी पात्रे, मागे दिवा, पुढे भिंग, आणि समोरच्या पडद्यावर मोठे झालेले चित्र, असा हा प्रकार. यातली बरीचशी विलायती चित्रे स्थिर असत. पटवर्धनांनी एकाच पात्राच्या निरनिराळ्या अवस्था वेगवेगळ्या काचांवर रंगविल्या आणि त्या जलद पालटून पडद्यावरची चित्रे हलती केली. जोडीला तोंडाने कथा आणि गाण्याची साथ. ल्युमिए बंधूंचा चलच्चित्रपट मुंबईत वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी आला. त्याच्या चार वर्षे आधी कल्याणात चित्रे हालत होती. याचा योग्य तो अभिमान आपल्याकडे बाळगला जात नाही, असो.

परंतु या खेळाला एक मर्यादा होती. इंग्लंडात दिव्याच्या काचा सव्वातीन इंच चौरस असत, अमेरिकेत सव्वातीन इंच रुंद व चार इंच लांब. एका देशाची काच दुसऱ्या देशाच्या दिव्यात नीट बसत नसे. हलत्या चित्रांच्या चौकटी तर ज्या दिव्यासाठी घडविल्या त्याच दिव्याच्या, आणि त्या पालटणारा सराईत हातही सोबत हवा. म्हणून खेळ न्यावयाचा तर दिवा, काचा आणि माणसे असा सारा सरंजाम न्यावा लागे.

चित्रपटाने ही अडचण दूर केली, ती कशी हे पाहण्यासारखे आहे. १९०९ साली पॅरिस येथे निरनिराळ्या देशांच्या चित्रपट-निर्मात्यांची परिषद भरली आणि ३५ मिलिमीटर रुंदीची फीत व तिच्या कडेची ठरावीक छिद्रे सर्वमान्य झाली. धुंडिराज गोविंद फाळके १९१२ साली विलायतेहून परतले तेव्हा त्यांच्या सामानात विल्यमसन कॅमेऱ्याबरोबर छिद्रे पाडण्याचे यंत्रही होते, कारण कोरी फीत त्या काळी छिद्रांवाचून मिळे. हे छिद्रे पाडण्याचे काम घरी मंद प्रकाशात सरस्वतीबाई फाळके करीत. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला, आणि १९१४ साली फाळक्यांनी आपले चित्रपट लंडनला नेऊन दाखविले. दादरच्या घरात पाडलेली छिद्रे लंडनच्या यंत्राच्या दात्यांत बिनतक्रार बसली! चित्र दाखविणाऱ्याने आपले यंत्र बरोबर नेण्याची गरज संपली, ती या छिद्रांमुळे.

काशीकरांना या कथेत विशेष जिव्हाळा वाटावा अशा दोन गोष्टी आहेत. हरिश्चंद्राने जेथे डोंबाघरी चाकरी केली तो घाट आपल्या रोजच्या येण्याजाण्यातला. आणि दुसरी अशी की, हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनीतील भागीदारांशी न पटल्यामुळे फाळके तेथून बाहेर पडले व कुटुंबासह या क्षेत्री येऊन राहिले. 'रंगभूमी' हे नाटक त्यांनी येथेच लिहिले. ते १९२२ साली मुंबईत रंगभूमीवर आले. बापूदेवशास्त्री, बाबूराव विष्णु पराडकर यांची नावे येथील मराठी मंडळी आदराने घेतात. फाळक्यांचे नाव मात्र दुर्गाघाट-ब्रह्माघाटाच्या गप्पांत फारसे निघत नाही. नव्या पिढीने ते काढावे.

पुढचा टप्पा वाचकांपैकी पन्नाशी ओलांडलेल्यांनी पाहिलेला आहे. ३५ मिलिमीटरच्याच फितीचा तुकडा दोन इंच चौरस पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवला की पारदर्शिका तयार होई. कोडॅकने १९६१ साली वाटोळ्या तबकाचे कॅरोसेल यंत्र काढले, एका तबकात ऐंशी पारदर्शिका. येथेही मापाचा मेळ होता. मुंबईत काढलेली पारदर्शिका वाराणसीच्या यंत्रात अडत नसे. आवाज हवा असेल तर शेजारी ध्वनिमुद्रक ठेवावयाचा.

मग आली व्हीएचएस कॅसेट. परदेशी गेलेल्या मुलाने अमेरिकेतल्या बारशाची कॅसेट पाठवावी, सारे घर दूरदर्शन संचापुढे जमावे, आणि पडद्यावर नुसत्या काळ्यापांढऱ्या रेघा धावाव्यात, हा अनुभव अनेक कुटुंबांच्या वाट्यास आला. कॅसेट दोन्हीकडची सारखीच दिसे. परंतु अमेरिकेची पद्धत एनटीएससी, ५२५ रेषांची व सेकंदाला सुमारे ३० चित्रांची. आपली पॅल, ६२५ रेषांची व २५ चित्रांची. आजीने नातवाचे बारसे पाहिले ते दुकानदाराने पैसे घेऊन पद्धत बदलून दिल्यावर, आणि काही आज्यांना तेवढाही अवकाश मिळाला नाही.

संगणकावरील सादरीकरणाची कथा १९८७ पासूनची. फोरथॉट नावाच्या कंपनीने त्या वर्षी मॅकिंटॉश संगणकासाठी पॉवरपॉइंट बाजारात आणले आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी एक कोटी चाळीस लाख डॉलर्सना विकत घेतली. १९९० मध्ये ते विंडोजवर आले. सरकारी नोकरीत आम्ही ही सारी स्थित्यंतरे पाहिली. पूर्वीच्या आवृत्त्यांत चित्रफीत सादरीकरणात घातली असे वाटे, पण आत राही तो केवळ तिचा पत्ता: अमुक संगणकाच्या अमुक कप्प्यात ती आहे, एवढी नोंद. फाइल दुसऱ्या गावी नेली की पत्ता तेवढा पोहोचे, चित्रफीत जुन्याच घरी. पाहुण्यांपुढे काळा चौकोन उघडा पडे आणि वक्ते 'येथे चित्रफीत आहे असे समजावे' म्हणून पुढे सरकत. २०१० च्या आवृत्तीपासून चित्रफीत मूळ फाइलीतच साठविण्याची सोय रूढ झाली. तरी अडचण उरलीच. चित्रफीत कोणत्या सांकेतिक पद्धतीने आवळून बसविली आहे ते समोरच्या संगणकाला उमगले पाहिजे. आज एच. २६४ पद्धतीची एमपीफोर फाइल बहुतेक यंत्रांवर चालते. ३५ मिलिमीटरच्या छिद्रांचे काम हल्ली तीच करते म्हणा ना.

मराठी माणसाला याहून जाचक झाली ती अक्षरांची बाब. नव्वदीच्या दशकात देवनागरी टंक बहुधा इंग्रजी अक्षरांच्या जागा बळकावून बसत, आणि प्रत्येक टंकाची वाटणी निराळी. तो टंक ज्या संगणकावर नाही तेथे 'श्रीगणेशाय नमः'च्या ठिकाणी इंग्रजी अक्षरांचा व चिन्हांचा सडा पडे. वास्तविक भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण १९८८ मध्ये तयार होते, १९९१ मध्ये ते राष्ट्रीय मानक झाले, आणि त्याच वर्षी युनिकोडमध्येही देवनागरी दाखल झाली. प्रमाण होते, वापरणारे आळसावले होते. युनिकोड आल्यावरही आपले दुखणे पुरते गेले नाही. 'कऱ्हाड', 'तऱ्हा' यांतला अर्धा र अनेक टंकांत मोडतो. ल आणि श हिंदी वळणाचे येतात. हिंदी मुलुखात राहणाऱ्या आपल्या मुलांना हे हिंदी वळणच आता मराठी वाटू लागले आहे, याची आम्हांस खंत वाटते. टंक फाइलीबरोबर पाठविता येतो, पण तशी सोय प्रत्येक आज्ञावलीत सारखी चालत नाही.

टिकण्याचा प्रश्न तर याहून बिकट. कोडॅकने कॅरोसेल यंत्रांचे उत्पादन २००४ मध्ये थांबविले, कोडॅक्रोम फीत २००९ मध्ये. 'राजा हरिश्चंद्र' मूळ सुमारे ३७०० फुटांचा. आज त्यातली थोडी रिळे उरली आहेत, आणि तीही १९१७ मध्ये पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीची असावीत असे काही अभ्यासकांचे मत आहे. दुसरीकडे येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहाव्यात: कोकणातला कोणी यात्रेकरू पणजोबांचे नाव विचारतो, उपाध्याय वही काढतात आणि मोडीतली ओळ वाचून दाखवितात. मोडी वाचणारा हवा हे खरे, पण यंत्र लागत नाही.

हे ध्यानी घेऊन मंडळाच्या स्मृतिचित्रांची मांडणी केली आहे. मजकूर सारा युनिकोडात. चित्रफिती एमपीफोर स्वरूपात, सादरीकरणाच्या आत आणि त्याच पेटीत सुट्याही. सादरीकरणाची एक पीडीएफ प्रत, जिच्यात चित्रे हलत नाहीत पण अक्षरे जागची हलत नाहीत. शिवाय आवाजासह सगळ्याचीच एक सलग चित्रफीत, म्हणजे परगावच्या मंडळांना आज्ञावलीची चिंता नको. ज्या वृद्ध सभासदांच्या मुलाखती घेतल्या त्यांचे बोलणे शब्दशः उतरवून कागदावर छापले आहे. त्यांतील दोघे आज आपल्यात नाहीत. सर्व सामग्रीचे तीन संच केले असून एक मंडळाच्या दप्तरी, एक कार्यवाहांच्या घरी आणि एक पुण्यास ठेवला आहे. दर पाच वर्षांनी तिन्हींची नव्या साधनावर नक्कल करावी व ती परक्या संगणकावर चालवून पाहावी, असा ठराव कार्यकारिणीने मंजूर केला आहे. ज्या कुटुंबांकडे जुन्या कॅसेट किंवा पारदर्शिका अजून पेटाऱ्यात असतील त्यांनी त्या गणेशोत्सवापूर्वी कार्यवाहांकडे आणून द्याव्यात. नक्कल झाल्यावर मूळ वस्तू परत मिळेल.