गोळी बंद केल्यावर

आमच्या अकलूजला 'आता बरं वाटतंय' म्हणून थायरॉइडची गोळी परस्पर बंद करणारे खूप. त्यांना मी इंग्लंडातली गोष्ट सांगतो. १८९१ साली न्यूकॅसलच्या डॉ. जॉर्ज मरे यांनी अंग सुजून मंदावलेल्या ४६ वर्षांच्या बाईला मेंढीच्या थायरॉइड ग्रंथीचा अर्क टोचला. पुढे तोच अर्क पोटात घेत ती १९१९पर्यंत जगली. (८७०हून जास्त मेंढ्या लागल्या!) तिची ग्रंथी कधीच सुधारली नव्हती, बरं वाटत होतं ते औषधामुळे. आजची गोळी सोडली तरी चार-आठ दिवस काही जाणवत नाही, कारण रक्तातलं औषध निम्मं व्हायलाच आठवडा लागतो. फसगत होते ती इथंच. मग हळूहळू थकवा, थंडी, बद्धकोष्ठ, विसराळूपणा. घरचे म्हणतात, वय झालं.